कास्तिल्योनी स्टुडिओ, मिलान: एका नावाआड गेलेलं दुसरं नाव

रंधा

मंडळी,

'आर्को' हा दिवा तुम्ही पाहिलेला आहेच, नाव माहीत नसलं तरी. पांढऱ्या संगमरवराचा जड ठोकळा, त्यातून निघालेली स्टीलची लांबलचक कमान आणि टोकाला जेवणाच्या टेबलावर झुकलेली ॲल्युमिनियमची वाटी. त्याच्या फोटोखाली बहुतेक वेळा एकच नाव छापलेलं असतं: अकिल्ले कास्तिल्योनी. हा दिवा १९६२ चा, आणि तो इटलीतल्या दोन डिझायनर भावांनी मिळून केलेला आहे. दुसऱ्या भावाचं नाव पिएर जाकोमो. ते सर्रास गाळलं जातं आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. म्हणून हा धागा.

घरापासून सुरुवात करतो. वडील जान्निनो कास्तिल्योनी हे मिलानमधले नावाजलेले शिल्पकार. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांचं रेदिपुल्या इथलं प्रचंड स्मारक त्यांनी वास्तुविशारद जोव्हान्नी ग्रेप्पी यांच्यासोबत केलं. मुलगे तीन: लिविओ (१९११), पिएर जाकोमो (१९१३) आणि अकिल्ले (१९१८). तिघंही आर्किटेक्ट झाले. थोरल्या दोघांनी १९३८ च्या सुमारास लुईजी काच्चा दोमिनिओनी या मित्राबरोबर स्टुडिओ काढला, आणि त्यांचं पहिलं गाजलेलं काम होतं फोनोला कंपनीचा रेडिओ. त्या काळी रेडिओ लाकडी पेटीत, एखाद्या छोट्या कपाटासारखा यायचा. यांनी तो बेकेलाइटच्या, म्हणजे जुन्या कडक प्लास्टिकच्या, एकसंध कवचात बसवला आणि यंत्राला यंत्राचंच रूप दिलं. १९४० च्या मिलान त्रिएन्नालेत, म्हणजे तिथल्या कला-डिझाइनच्या मोठ्या प्रदर्शनात, तो मांडला गेला. अकिल्ले तेव्हा अजून शिकत होते. त्यांची पदवी १९४४ ची.

युद्धानंतर धाकटा भाऊ स्टुडिओत आला, १९५२ मध्ये लिविओ बाहेर पडले, आणि तिथून १९६८ पर्यंत हा स्टुडिओ दोघांचा होता. आज जगभरच्या संग्रहालयांत 'कास्तिल्योनी' म्हणून जे मांडलेलं असतं, त्यातलं बरंचसं या सोळा वर्षांतलं आहे.

बाँबहल्ल्यांनी पडझड झालेलं मिलान, पैशांची चणचण, आणि भोवताली छोटे छोटे कारखाने. अशा वेळी काम मिळायचं ते प्रदर्शनांचं. मिलानच्या व्यापारी जत्रेत इटालियन रेडिओसाठी, मोन्तेकातिनीसारख्या रसायन कंपन्यांसाठी त्यांनी मंडप उभे केले. ते काही दिवस टिकायचे आणि मोडून टाकले जायचे, त्यामुळे त्यांचे आता फोटोच उरले आहेत. पण कमी सामानात, कमी वेळात, दुरून आलेल्या माणसाच्या नजरेत भरेल असं काही उभं करायची सवय तिथेच लागली असं मला वाटतं. पुढचा प्रत्येक दिवा पाहताना ती सवय दिसते.

१९५४ चा 'लुमिनातोर' घ्या. बल्बचा होल्डर जेवढ्या जाडीचा, तेवढ्याच जाडीची एक सरळ नळी. खाली तीन बारीक पाय. पाय काढून नळीतच घालायचे, की दिव्याचं पार्सल एका काठीएवढं होतं. वर बल्ब छताकडे तोंड करून. संपला दिवा. १९५५ मध्ये त्याला कोम्पासो दोरो मिळालं, म्हणजे इटलीतला औद्योगिक डिझाइनमधला सर्वांत मानाचा पुरस्कार.

मग १९५७. कोमो सरोवराच्या काठच्या व्हिला ओल्मोमध्ये आजच्या घरातल्या रंग-आकारांवर एक प्रदर्शन भरलं आणि या दोघांनी तिथे एक खोली सजवली. त्यात दोन बैठका होत्या. 'मेझाद्रो' म्हणजे ट्रॅक्टरचं पत्र्याचं भोकाभोकाचं सीट, खाली यंत्राला असतो तसा स्टीलचा वाकवलेला पाटा, तोल राहावा म्हणून जमिनीलगत लाकडाचा आडवा दांडा, आणि सगळं घट्ट करायला हाताने पिळायचा विंग नट. 'सेल्ला' म्हणजे सायकलचं सीट एका दांड्यावर, दांडा बिडाच्या अर्धगोल बुडात, त्यामुळे बसलेला माणूस डुलत राहतो. फोन तेव्हा भिंतीला असायचा. फोनवर बोलताना धड उभंही नाही नि धड बसलेलंही नाही, अशा अवस्थेसाठी ती केली होती. लोकांना हा चक्रमपणा वाटला. 'मेझाद्रो' कारखान्यात तयार व्हायला १९७० नंतरचा काळ उजाडला, 'सेल्ला' तर १९८३ मध्ये आली. दोन्ही झानोत्ता या फर्निचर कंपनीने काढल्या. पिएर जाकोमो यांनी त्यातली एकही दुकानात पाहिली नाही.

आता आर्को. प्रश्न अगदी घरगुती होता. टेबलाच्या बरोब्बर वर उजेड हवा, पण छताला हूक ठोकायचा नाही, आणि टेबल उद्या सरकवलं तर दिवाही सरकला पाहिजे. रस्त्यावरचे दिवे हेच करतात: खांब एकीकडे, उजेड दुसरीकडे. कमान जवळजवळ दोन मीटर पुढे येते, म्हणजे टेबलाभोवती वाढायला फिरणारा माणूस दिव्याच्या आतल्या बाजूने जाऊ शकतो. इतकं पुढे गेलेलं टोक पेलायला मागे वजन हवं, म्हणून इटलीतल्या कारारा गावचा संगमरवर, साधारण ६५ किलो. तेवढ्याच वजनाचं सिमेंट घेतलं असतं तर ठोकळा मोठा झाला असता. ठोकळ्याला आरपार एक भोक आहे. ते शोभेचं नाही. त्यात झाडूचा दांडा घालायचा आणि दोघांनी दोन टोकं धरून दिवा उचलायचा. कोपरे मारलेले आहेत, कारण येताजाता पायाला लागतात. कमानीचे तुकडे एकात एक सरकतात, तार त्यातूनच जाते. वाटीला वरून भोकं आहेत, उष्णता बाहेर जाते आणि थोडा उजेड छतावरही पडतो. एकही गोष्ट विनाकारण नाही.

त्याच १९६२ मध्ये 'ताच्च्या' हा दिवा आला आणि 'तोइओ'ही. तोइओचा बल्ब मोटारीच्या हेडलाइटचा, बुडाला वजन म्हणून ट्रान्सफॉर्मरच ठेवलेला, आणि वायर मासे पकडायच्या गळाला असतात तसल्या कड्यांतून वर नेलेली. त्याच वर्षी फ्लोस ही दिव्यांची कंपनी सुरू झाली. ती यांच्या दिव्यांवर मोठी झाली, हे म्हणायला हरकत नाही.

पिएर जाकोमो १९६८ च्या नोव्हेंबरात गेले, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. अकिल्ले २००२ पर्यंत जगले. चौतीस वर्षं जास्त. त्या काळात त्यांनी शिकवलं, भाषणं दिली, टीव्हीवर आले, १९९७ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात त्यांच्या नावाचं प्रदर्शन भरलं. जो समोर होता, त्याचं नाव लागलं. अकिल्ले यांनी स्वतः भावाचं श्रेय कधी लपवलं नाही, उलट हे काम एकट्याचं नसतंच असं ते सांगत आले. गाळलं ते विकणाऱ्यांनी आणि लिहिणाऱ्यांनी.

तुम्हाला काय वाटतं? या क्षेत्रातल्यांनी जरूर लिहा.

---

निळीशाई

सुरेख लेख. एक शंका. तिघंही आर्किटेक्ट, पण तुम्ही लिहिलंय ते सगळं दिवे नि खुर्च्या. इमारती कुठे आहेत?

---

रंधा

@निळीशाई, आहेत, पण मोजक्या. मिलानच्या व्हिया तुराती रस्त्यावर 'पेर्मानेन्ते' हे कलादालन युद्धात उद्ध्वस्त झालं होतं, त्याची पन्नासच्या दशकातली पुनर्बांधणी यांची आहे. व्हिया तेर्मोपिली इथलं सान गाब्रिएले आर्कांजेलो हे चर्चही यांचंच, तेही पन्नाशीतलं. मला स्वतःला मात्र यांचं वास्तुकलेतलं सर्वांत जिवंत काम एक बिअर हॉल वाटतो: कोर्सो एउरोपावरचा 'स्प्लुगेन ब्रॉय', १९६०. बैठकीच्या पातळ्या वरखाली केलेल्या, हवेच्या आणि पाण्याच्या नळ्या उघड्या ठेवलेल्या, आणि टेबलांवर खास त्या जागेसाठी केलेला दिवा. तो नालीदार ॲल्युमिनियमचा आहे, म्हणजे पन्हळी पत्र्यासारखा. पन्हळीमुळे पृष्ठभाग वाढतो आणि बल्बची उष्णता लवकर निघून जाते. बिअर हॉल आज नाही, दिवा अजून फ्लोस बनवते.

---

मोकळाश्वास

लेख आवडला, पण पूर्ण सहमत नाही. १९६८ नंतर अकिल्ले यांनी एकट्याने केलेलं काम काही कमी तोलाचं नाही. अलेस्सी या भांड्यांच्या कंपनीसाठी केलेली तेल-व्हिनेगरची भांडी बघा. झाकणाला मागे वजन आहे, भांडं कलतं केलं की झाकण आपोआप उघडतं, सरळ केलं की मिटतं. एका हाताने काम होतं, बोटाला तेल लागत नाही. अलेस्सीसाठीच केलेल्या 'ड्राय' या काटे-चमच्यांच्या संचाला १९८४ मध्ये कोम्पासो दोरो मिळालं. 'कुमानो' हे घडीचं टेबल बघा: कॅफेतलं जुनं लोखंडी तिपाईवजा टेबल घेऊन त्याची घडी सुधारली आणि वरच्या पत्र्याला भोक ठेवलं, नको असेल तेव्हा भिंतीवर टांगायला. ही सगळी दृष्टी भाऊ गेल्यावरही तशीच होती. मग ती मुळात कोणाची म्हणायची? माणूस चाळीस-पन्नास वर्षं काम करतो, तर त्याचं नाव मोठं होणं स्वाभाविकच आहे.

---

रंधा

@मोकळाश्वास, अकिल्ले यांचं काम कमी आहे असं मी म्हणत नाहीच. माझं म्हणणं १९५२ ते १९६८ या काळातल्या वस्तूंपुरतं आहे. तिथे दोन नावं आहेत, तर दोन छापा. पुढचं अकिल्ले यांचंच.

आणि 'दृष्टी कोणाची' याचं उत्तर कोणालाच काढता येणार नाही. एका टेबलाशी समोरासमोर बसून एकाने काढलेली रेघ दुसऱ्याने खोडायची, असं काम केलेल्या माणसांची वाटणी नंतर कशी करणार?

---

सायली_मिलानो

मी मिलानमध्ये पोलितेक्निको या तंत्रविद्यापीठात शिकले. पियाझ्झा कास्तेल्लो २७ इथल्या स्टुडिओत गेले आहे, स्फोर्झा किल्ल्याच्या अगदी समोर. मी गेले तेव्हा तिथे कास्तिल्योनी फाउंडेशन होतं आणि ठरलेल्या वेळी लोकांना आत नेऊन दाखवायचे.

मला सर्वांत भावलं ते कपाट. अकिल्ले यांनी जमवलेल्या बिननावाच्या वस्तू: कात्र्या, चष्मे, खेळणी, हातोड्या, दूध काढताना कमरेला बांधायची एका पायाची बैठक. ते शिकवायला जाताना यातल्याच वस्तू पिशवीत भरून न्यायचे, आधी तोरिनोला, मग मिलानला. वर्गात एकेक काढून दाखवायचे आणि ती वस्तू अशी का आहे ते वापरून सांगायचे. कुतूहल नसेल तर हे क्षेत्र सोडून द्या, असं ते विद्यार्थ्यांना बजावायचे, हे तर प्रसिद्धच आहे.

तिथे हातात घेऊन पाहता येते अशी एक गोष्ट सांगते. प्लास्टिकचा एक चमचा आहे, १९६२ चा, दोघा भावांनी क्राफ्ट कंपनीसाठी केलेला, मेयोनेजच्या बाटलीसोबत द्यायला. त्याची एक कड सरळ आहे, ती बाटलीच्या उभ्या भिंतीला लागते. टोक गोलसर आहे, ते बुडाच्या वळणात बसतं. दांड्यावर अंगठ्यासाठी खळगा आहे. बाटली पूर्ण निपटून निघते. आर्कोच्याच वर्षी केलेला फुकट वाटायचा चमचा, आणि विचार तेवढाच बारीक. अलेस्सीने तो नव्वदच्या दशकात पुन्हा काढला.

---

रंधा

@सायली_मिलानो, फार छान माहिती. या चमच्याचं मी फक्त वाचलं होतं.

यावरून स्विचची गोष्ट आठवली, ती मुख्य लेखात यायला हवी होती इतकी महत्त्वाची आहे. टेबललॅम्पच्या वायरच्या मधोमध असतो तो छोटा सरकवायचा स्विच. १९६८ मध्ये दोघांनी व्हीएलएम कंपनीसाठी केला, म्हणजे पिएर जाकोमो यांच्या शेवटच्या वर्षातला. एक बाजू सपाट, दुसरी गोलसर. अंधारात वायर चाचपत आलात की बोटांना लगेच कळतं कुठली बाजू वर आहे. कडा बोथट, जमिनीवरून ओढला तर अडकत नाही. सरकवल्याचा आवाज नीट ऐकू येतो. लाखोंनी खपला, विजेच्या साध्या दुकानात मिळतो, आणि घेणाऱ्याला तो कोणी केला याची कल्पना नसते. अकिल्ले यांना आपल्या कामातलं सर्वांत अभिमानाचं काय असं विचारलं की ते हा स्विच पुढे करायचे.

---

मोकळाश्वास

म्हणजे ज्या वस्तूवर कोणाचंच नाव नाही तिचा त्यांना सर्वांत जास्त अभिमान. मग नावासाठी आपण का भांडतोय?

---

रंधा

कारण स्विचवर एकाचंही नाव नाही, आर्कोवर एकाचं आहे. पहिल्यात अन्याय कोणावरच नाही.

---

अंतरपाट

मी पुण्यात इंटिरिअरची कामं करते. नावाचा मुद्दा तर आहेच, पण मला रोज भेटतो तो नकलेचा मुद्दा. 'तो कमानीचा दिवा' हवा असं क्लायंट सांगतात आणि बजेट ऐकलं की नक्कलच येते. एका कामात दुकानदाराने दिलेल्या दिव्याचा ठोकळा खऱ्याच्या निम्म्या वजनाचाही नव्हता. तोल जाऊ नये म्हणून त्यांनी कमान आखूड केलेली. मग दिवा टेबलाच्या मध्यावर पोचेचना, कडेवरच उजेड. टेबल दिव्याजवळ ओढलं तर एका बाजूच्या खुर्च्या ठेवायला जागा नाही. भोक होतं, पण अर्ध्यापर्यंतच, आरपार नाही! कोणीतरी फोटो पाहून केलेला. शेवटी आम्ही तो परत केला आणि छतालाच साधा दिवा टांगला.

वजन, लांबी आणि भोक ही तिन्ही एकमेकांना बांधलेली आहेत हे रंधा यांनी लिहिलंय, ते मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिलं.

---

कायदेपंडित७

@अंतरपाट, या नकलांवरून युरोपात मोठा खटला झाला आहे. इटलीतल्या सेमेरारो या फर्निचर कंपनीने चीनहून 'फ्लुइदा' नावाचा दिवा आणून विकायला ठेवला, फ्लोसने दावा केला की ही आर्कोची नक्कल आहे. मुद्दा असा की आर्कोचं डिझाइन जुनं, नोंदणीचं संरक्षण नसलेलं, मग त्याला कॉपीराइट मिळतो का? प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं. २७ जानेवारी २०११ ला निकाल आला: एखादं डिझाइन कॉपीराइटच्या अटी पूर्ण करत असेल, तर जुनी नोंदणी संपली एवढ्या कारणावरून देशाचा कायदा त्याला कॉपीराइट नाकारू शकत नाही. त्यानंतर मिलानच्या न्यायालयानेही आर्कोला कलाकृती म्हणून संरक्षण दिलं. औद्योगिक वस्तूंच्या कायद्यात हा निकाल आजही सांगितला जातो.

आणखी एक गोष्ट. युरोपात कॉपीराइट निर्मात्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं चालतो आणि संयुक्त कृती असेल तर शेवटचा निर्माता गेल्यापासून मोजतात. म्हणजे कोणाची नावं आहेत ही नुसती भावनेची गोष्ट राहत नाही.

---

निळीशाई

लिविओ यांचं पुढे काय झालं? तिसरा भाऊ तर या चर्चेतूनही गायब आहे.

---

रंधा

@निळीशाई, रास्त प्रश्न. लिविओ यांचा ओढा आवाज आणि उजेड यांच्या तंत्राकडे होता. त्यांचं सर्वांत माहीत असलेलं काम म्हणजे 'बोआलुम', जान्फ्रांको फ्रात्तिनी यांच्याबरोबर आर्तेमिदे या दिव्यांच्या कंपनीसाठी केलेला दिवा, १९७० चा. पारदर्शक लवचीक नळी, आत छोटे छोटे बल्ब. जमिनीवर वेटोळं घालून ठेवा, भिंतीला लटकवा, गुंडाळा. १९७९ मध्ये ते गेले.

---

सुतारपक्षी

थोडं उशिरा येतोय. 'पारेन्तेसी'बद्दल कोणी लिहिलं नाही. मला वाटतं या धाग्यातल्या वादाला तोच दिवा लागू पडतो.

पिओ मान्झू नावाचा तरुण डिझायनर होता, फियाट १२७ मोटारीचा आकार त्याचा. उभ्या दांड्यावर वरखाली सरकणारा एक दिवा त्याने कल्पिला होता. १९६९ मध्ये तो मोटार अपघातात गेला, तिशीतच. त्याची कल्पना अकिल्ले यांनी पुढे नेली. दांड्याऐवजी स्टीलची तार घेतली: वर छताला हूक, खाली जमिनीवर वजन, मध्ये तार ताणलेली. त्या तारेवर कंसाच्या आकारात वाकवलेली नळी. वळणामुळे तार नळीत घासते आणि दिवा जिथे सोडाल तिथे थांबतो. स्क्रू नाही, आंटे नाहीत. हाताने वर ढकला, खाली ओढा, गोल फिरवा. फ्लोसने १९७१ मध्ये काढला, १९७९ मध्ये कोम्पासो दोरो.

भाऊ जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि अकिल्ले दुसऱ्या एका गेलेल्या माणसाच्या कल्पनेवर काम करत होते. त्या दिव्यावर आजही दोन नावं छापली जातात, अकिल्ले कास्तिल्योनी आणि पिओ मान्झू. मान्झूचं नाव गाळायला काहीच अडचण नव्हती, वस्तू पूर्ण होण्याआधीच तो गेला होता.

---

मोकळाश्वास

@सुतारपक्षी, हे मला माहीत नव्हतं. हे वाचून माझं मत बदललं. पारेन्तेसीवर दोन नावं चालतात तर आर्कोवर का चालू नयेत?

---

गोधडी

वाचनखूण साठवली. ब्रिओनवेगा कंपनीचा रेडिओ-रेकॉर्डप्लेअर पण यांचाच ना? गायक डेव्हिड बोवीकडे होता तो?

---

रंधा

@गोधडी, हो, आरआर१२६, १९६५ चा, दोघा भावांचा. चाकांवर, स्पीकर वर रचता येतात किंवा दोन्ही बाजूंना लावता येतात, समोरची बटणं चेहऱ्यासारखी. बोवी गेल्यावर २०१६ मध्ये सदबीज्च्या लिलावात तो २,५७,००० पौंडांना गेला, अपेक्षा हजारभर पौंडांची होती. ती किंमत बोवीची, हे उघड आहे.

@सायली_मिलानो, फाउंडेशनमध्ये जाण्यासाठी आधी नोंदणी करावी लागते का, आणि इंग्रजीतून दाखवतात का? इथे दोघातिघांनी निरोपातून विचारलं आहे.

---

सायली_मिलानो

हो, आधी नोंदणी करूनच जा. मी गेले तेव्हा इंग्रजीतून सांगणारं माणूस होतं. अकिल्ले यांची मुलगी जोव्हान्ना फाउंडेशनचं काम पाहते आणि ती स्वतः दाखवत असेल तर वेळ हाताशी ठेवा, कारण ती प्रत्येक वस्तू हातात देऊन वापरायला लावते. आणि हो, आर्को तिथे होता. झाडूचा दांडा मागितला तर भोकात घालूनही दाखवायचे.